मदत हवी: आयपीएलनंतर एकाच लिनक्स गेस्टचं नेटवर्क गायब

मंडळी, मेनफ्रेमवर मी नवखा आहे, प्रश्न बाळबोध वाटला तर सांभाळून घ्या. झेड-व्हीएमखाली (एका मेनफ्रेमवर अनेक आभासी मशीन चालवणारी सिस्टिम) आमचे सहा लिनक्स गेस्ट, म्हणजे आभासी मशीन, आहेत, सगळे एकाच व्हीस्विचवर (आभासी नेटवर्क स्विच). रविवारी आयपीएल झाला (क्रिकेटचा नाही, मशीनचा: म्हणजे सगळी सिस्टिम नव्याने सुरू केली). पाच गेस्ट मुकाट वर आले, सहाव्याला पिंगच लागत नाही. महिन्यापूर्वी मीच तो क्लोन केला होता, त्यामुळे सगळे माझ्याकडेच बघतायत.

एलएसक्यूईथमध्ये (नेटवर्क डिव्हाइस दाखवणारी आज्ञा) ०६००, ०६०१, ०६०२ तिन्ही डिव्हाइस जागेवर आणि ऑनलाइन. सीआयओ-इग्नोरच्या यादीत (लिनक्सने दुर्लक्ष करायची डिव्हाइस) ते नाहीत. आयपी, मास्क, गेटवे ताडून पाहिले. गेस्ट लेयर २ वर (इथरनेट पातळीवर) आहे आणि स्विचही इथरनेट प्रकारचा, म्हणजे तिथे गफलत नाही. डीमेसेजमध्ये (कर्नलचे संदेश) मात्र 'लॅन ऑफलाइन' अशी ओळ येते. सीएचझेडडेव्ह आज्ञेने डिव्हाइस बंद-चालू केलं, गेस्टला दोनदा रीबूट मारला, ढिम्म.

नेटवर्क नाही म्हणून एसएसएच नाही, सगळं ३२७० कन्सोलवरून (मेनफ्रेमचं जुन्या पद्धतीचं टर्मिनल) चाललंय. तिथे व्हीआय एडिटर चालत नाही, फाइलची एकेक ओळ सेड आज्ञेने बदलतोय. हाल कुत्रा खात नाही.

प्रतिसाद १: पाच गेस्ट चालतात म्हणजे ओसा कार्ड (मेनफ्रेमचं खरं नेटवर्क कार्ड) आणि स्विच ठणठणीत आहेत. लिनक्सला आता हात लावू नका. कन्सोलवर '#सीपी क्यू निक ०६०० डिटेल्स' द्या (#सीपीमुळे आज्ञा थेट झेड-व्हीएमला जाते; निक म्हणजे गेस्टचं आभासी नेटवर्क कार्ड). उत्तरात लॅनसमोर काय दिसतं? आणि क्लोन केला तेव्हा स्विचची परवानगी कशी दिली होती? चालू सिस्टिमवर 'सेट व्हीस्विच ग्रँट' दिलं असेल तर आयपीएलला ते पुसलं जातं. ती टिकायला सिस्टिम कॉन्फिगमध्ये (आयपीएलला वाचली जाणारी फाइल) 'मॉडिफाय व्हीस्विच'ची ओळ लागते.

मूळ धागाकर्ता: लॅनसमोर 'नन'! ग्रँट तेव्हा तोंडीच मागितली होती, कॉन्फिगमध्ये कुणीच लिहिली नाही. माझा गेस्ट क्लास जी (साध्या युजरचे अधिकार), ग्रँटला वरचा क्लास बी लागतो, म्हणून सिस्टिमवाल्या काकांना उठवलं. त्यांनी ग्रँट दिली, मी 'कपल ०६०० टू सिस्टिम' आणि पुढे स्विचचं नाव टाकून कार्ड स्विचला जोडलं, पिंग लागला. आता कॉन्फिगमध्ये ओळ घालायची आहे. ती बरोबर आहे का हे कळायला पुन्हा आयपीएलच करावा लागेल का?

प्रतिसाद १: नाही, 'सीपीसिंटॅक्स' चालवा. ओळीचं व्याकरण ते तपासतं. युजर आयडीचं (झेड-व्हीएममधलं गेस्टचं नाव) स्पेलिंग मात्र तुम्हीच दोनदा बघा, ते त्याला कळत नाही.