स्टेजवर कागदी नोटेशनऐवजी टॅबलेट, कोणी वापरतंय का?

काळीपाच: बँडमध्ये कीबोर्ड वाजवतो. परवा ओपन एअर शोला वाऱ्याने दोन पानं उडाली, एका हाताने कॉर्ड (एकत्र दाबलेले सूर) धरलीये आणि दुसऱ्याने पानं पकडतोय, लोकांना वाटलं ॲक्टच आहे 😅 आता टॅबलेट घेईन म्हणतोय. १० इंची चालेल का? आणि मध्येच बंद पडला तर?

बेसूर_बासरी: १० इंची नको रे, डोळे फुटतील. ए-फोर कागदाचा कर्णच १४ इंचांच्या वर असतो. मी १२.९ इंची आयपॅड वापरते, स्कॅनचे समास क्रॉप केले की जवळपास कागदाएवढंच दिसतं. नोटेशन वाचायचं ॲप फोरस्कोर, पण ते ॲन्ड्रॉइडवर नाही, तिथे मोबाइलशीट्स बघ.

डावापाय: ब्लूटूथ पेडल घेच. टॅबलेटला ते कीबोर्डच वाटतं, पाय दाबला की पान पुढे. पहिल्या शोला मी शहाणपणा करून एअरप्लेन मोड टाकला, त्यात ब्लूटूथही बंद झालं, पेडल दाबतोय दाबतोय, पान जागचं हलेना! आता मोड टाकून ब्लूटूथ परत ऑन करतो, ऑटो लॉक बंद ठेवतो. आणि अर्धं पान उलटायची सेटिंग लाव, वरचा भाग पुढच्या पानाचा दिसतो, खालचा चालू पानाचा, सवय व्हायला आठवडा जातो पण नंतर सोडवत नाही.

काळीपाच: भारी! आणि उन्हात?

बेसूर_बासरी: उन्हात तापून बंद पडतो, माझा पडलाय. दुपारच्या शोला कागदच, क्लिपा लावून.