हॉलमधला छोटा गेमिंग पीसी: पैसे वसूल झाले का? अनुभव सांगा

आमचं घर प्रभादेवीला, ४०० चौरस फूट. हॉलमध्ये टीव्ही, सोफा-कम-बेड, देव्हारा आणि सासूबाईंचं शिवणयंत्र. नोव्हेंबर २०२५मध्ये 'स्टीम' हे गेमचं ऑनलाइन दुकान चालवणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीने स्टीम मशीन हा छोटा गेमिंग पीसी जाहीर केला, साधारण सोळा सेंटिमीटरचा चौकोनी ठोकळा, तेव्हापासून नवऱ्याच्या डोक्यात भुंगा शिरलाय. 'शोकेसमध्ये सहज मावेल' हे वाक्य मी रोज ऐकते. त्यांचाच हातात धरून खेळायचा स्टीम डेक २०२२ साली निघाला तेव्हा ओळखीतल्यांनी तो परदेशातून येणाऱ्या नातेवाइकांच्या बॅगेतूनच मागवला होता, त्यामुळे हा ठोकळा इथल्या दुकानात दिसेल यावर माझा भरवसा नाही. मग तसाच छोटा पीसी इथेच जुळवून घ्यावा का?

मी स्वतः खेळते, त्यामुळे 'कशाला हवंय' हा प्रश्न नाही. लाखाच्या आसपास खर्च करून हॉलमध्ये पीसी ठेवायचा, की प्लेस्टेशनसारखा कन्सोल घेऊन गप्प बसायचं, एवढंच ठरवायचं आहे. बेंचमार्क म्हणजे वेगाचे आकडे नकोत, ते यूट्यूबवर ढिगाने आहेत. घरात आणल्यावर काय झालं ते लिहा. फसलेल्यांनी आधी लिहा.

गोरेगावकर

फसलेला हजर. म्हणजे अर्धा फसलेला.

२०२३ला लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग घेऊन जुळवला. दुकानदार आधीच म्हणाला होता, "शेठ, मोठं कॅबिनेट घ्या, हवा खेळेल." ऐकलं नाही. मिनी आयटीएक्स बोर्ड म्हणजे छोटा मदरबोर्ड, १७ बाय १७ सेंटिमीटर. त्याच चिपसेटचा मोठा बोर्ड ९ हजारांना होता, हा १६ला. छोटा पॉवर सप्लाय ४ हजारांनी महाग, कॅबिनेट साडेचार हजारांनी. म्हणजे वेगात काडीचा फरक नाही आणि नुसत्या छोटेपणाचे साडेपंधरा हजार.

खरी गंमत पुढे. ग्राफिक्स कार्डाची लांबी मोजून घेतली होती, जाडी बघितलीच नाही. कॅबिनेटमध्ये दोन स्लॉटची जागा, कार्ड तीन स्लॉटचं. झाकण लागेना. सील फोडलेलं कार्ड दुकानदार परत घेईना (त्याचंही चूक नाही म्हणा). दोन आठवडे पीसी उघड्या अंगाने टीव्हीखाली बसला. आत पाल जाईल म्हणून आईने त्यावर पीठ चाळायची चाळणी पालथी घातली. चाळणीखाली दिवे लुकलुकताहेत आणि आम्ही फुटबॉल खेळतोय. शेवटी थोडं मोठं कॅबिनेट घेतलं, पहिलं अजून माळ्यावर आहे.

तरीही पुन्हा घेईन का? घेईन, आणि कारण गणपतीचं आहे. दरवर्षी सॅकमध्ये टॉवेल गुंडाळून हा डबा चिपळूणला नेतो. आठ चुलतभावंडं, चार कंट्रोलर, जागरणाला पत्त्यांच्या जोडीला हे. मोठा टॉवर घेऊन कोकणकन्येत चढून दाखवा, मग बोलू. पण तुमचा पीसी हॉलमधून हलणारच नसेल, तर ते साडेपंधरा हजार कशासाठी देताय याचा विचार करा.

मुलुंडची आई

मी खेळत नाही, पण पैसे माझे गेलेत म्हणून लिहिते.

मुलाचा पीसी आधी आतल्या खोलीत होता. दार लावून कुणाशी ओरडून बोलतोय ते कळायचं नाही, म्हणून माझ्याच हट्टाने हॉलमध्ये आणला. आता कळतं. शेजारच्यांनाही कळतं.

पण साडेसात ते नऊ टीव्ही माझ्या सासऱ्यांचा, त्यात तडजोड नाही. म्हणजे ९० हजारांचा डबा नेमका खेळायच्या वेळी बंद. शेवटी चिरंजीवांनी ७ हजारांचा जुना मॉनिटर आणला आणि तो जेवायच्या टेबलावर मांडला. आम्ही ताटं मांडीवर घेऊन जेवतो. तर किमतीत ते सात हजारही धरा.

एक मात्र मान्य करते. कॉलेजचं सगळं काम तो याच्यावरच करतो, वेगळा लॅपटॉप घ्यावा लागला नाही. कन्सोलवर ते झालं नसतं.

चेंबूरवाला

सगळे डब्याबद्दल लिहिताहेत, मी आतल्या सिस्टीमबद्दल लिहितो. सोफ्यावर बसून विंडोज वापरणं म्हणजे लांबून सुईत दोरा ओवणं. अक्षरं बारीक, आणि ऐन रंगात आल्यावर मध्येच एखादी खिडकी उघडणार, की उठा, कीबोर्ड शोधा. दोन महिन्यांत वैतागलो आणि विंडोजऐवजी बॅझाइट ही सिस्टीम टाकली. व्हॉल्व्हच्या स्टीमओएससारखीच, लिनक्सवर चालणारी. विंडोजचे गेम लिनक्सवर चालवणाऱ्या प्रोटॉन या सॉफ्टवेअरमधून चालतात. आता कंट्रोलर हातात घेतला की थेट गेमची यादी समोर येते. पीसी स्लीपवर टाकला तर बहुतेक वेळा जिथे थांबलो तिथूनच उठतं. घरात 'हे चालू कसं करायचं' हा प्रश्न तेव्हापासून कुणी विचारला नाही.

आता तोटे. व्हॅलोरंट, फोर्टनाइट विसरा, त्यांचं चीटिंग पकडणारं सॉफ्टवेअर लिनक्सवर गेम चालूच देत नाही. मुलुंडच्या ताई, तुमचा मुलगा हेच खेळत असेल तर विंडोजला हात लावू नका. आणि एएमडीचं कार्ड व लिनक्स ही जोडी असेल तर एचडीएमआयची, म्हणजे टीव्हीच्या जोडणीची, कटकट बघून घ्या. ओपन सोर्स ड्रायव्हरमध्ये एचडीएमआय २.१ घालायला २०२४मध्ये या जोडणीचे नियम ठरवणाऱ्या एचडीएमआय फोरमने नकार दिला होता. मी घेतला तेव्हा त्यामुळे फोर-केला पूर्ण १२० हर्ट्झ (सेकंदाला १२० चित्रं) मिळत नव्हते. माझा टीव्ही ६०चा, मला काय फरक पडतो! पण कुणी नुकताच १२०चा टीव्ही हप्त्यावर घेतला असेल तर त्याला हे टोचेल.

माहीमचा कन्सोलवाला

पीएस फाइव्ह (प्लेस्टेशन ५) भारतात २ फेब्रुवारी २०२१ला आला, किंमत ४९,९९०. मला पहिल्याच खेपेत मिळाला. पाच वर्षांत एकदाही स्क्रू-ड्रायव्हर हातात घेतला नाही, ड्रायव्हर शोधला नाही. ऑफिसात दिवसभर तेच करतो, घरी येऊन कोण करणार?

पण डबा स्वस्त आणि तेल महाग असा हा प्रकार आहे. नवा मोठा गेम ४,९९९ला घेतलाय. बरेचसे गेम ऑनलाइन खेळायचे तर सदस्यत्वाचे पैसे वेगळे, पीसीवर ते लागत नाहीत. डिस्कवाला घेतला म्हणून जुने गेम विकून थोडे सुटले. मी वर्षाला तीन-चार गेम खेळतो, मला परवडतं. स्टीमच्या सेलमध्ये वीस-वीस गेम गोळा करणाऱ्यांचं गणित वेगळं.

वर्सोवा

समुद्राजवळ राहणाऱ्यांसाठी दोनच ओळी. पहिल्या पावसाळ्यात स्क्रू गंजले, मागच्या यूएसबीच्या तोंडावर हिरवट थर आला. आता पावसाळ्यात खेळायचं नसलं तरी रोज तासभर चालू ठेवतो, बंद असताना शोकेसमध्ये सिलिका जेलच्या पुड्या.

गिरगाव

मी ४३ हजारांचा छोटा पीसी आठ महिन्यांत विकला. वाईट नव्हता, मलाच गरज नव्हती. आतल्या खोलीत कामाचा मोठा पीसी होताच. टीव्हीवर स्टीम लिंक ॲप टाकलं, गेम आत चालतो, चित्र हॉलमध्ये दिसतं. चाळीत वायफायवर विश्वास ठेवू नका, प्रत्येक खोलीत एकेक राउटर आहे, चित्र अडखळतं. सरळ लॅन केबल ओढली. दोरी बांधतो तशी कडेकडेने, क्लिपा ठोकून. नेमबाजीच्या गेममध्ये अगदी किंचित उशीर जाणवतो, बाकी मला कळतही नाही.

आणखी एक. छोटा असो की मोठा, २०० वॉट खाणारा पीसी खोलीत २०० वॉटचीच उष्णता सोडतो. मे महिन्यात, एसी नसलेल्या हॉलमध्ये, हे फार लवकर समजतं.

प्रभादेवी (धागाकर्ती)

सगळ्यांचे आभार. काल टेप घेऊन शोकेस मोजली. खोली ३० सेंटिमीटर, ठोकळा मावतो, पण मागे वायरी वळायला जागा हवी आणि पुढे काचेचं दार आहे. म्हणजे गरम हवा आतच कोंडणार. दार काढायचं म्हटलं तर आतल्या काचेच्या बाहुल्यांवर धूळ बसेल, हा सासूबाईंचा मुद्दा बिनतोड आहे.

रॅमचे भाव विचारले आणि उरलासुरला उत्साह गेला. वर्षभरापूर्वी भावाने ३२ जीबीची जोडी ९ हजारांना घेतली होती, आता दुकानदार तिप्पट सांगतो. एआयच्या डेटा सेंटरांना मेमरी जातेय म्हणे, आणि ते खरंच आहे. मेमरी बनवणाऱ्या मायक्रॉनने तर डिसेंबर २०२५मध्ये क्रुशल हा ग्राहकांसाठीचा ब्रँडच बंद करत असल्याचं जाहीर केलं.

नवऱ्याचा जुना पीसी बेडरूममध्ये आहे, त्यामुळे आधी गिरगावचा प्रयोग करून बघतोय. पंधरा मीटर केबल आणली. ती देव्हाऱ्याच्या वरून न्यायची नाही, एवढी एकच अट आहे. गिरगाववाले, दाराच्या उंबऱ्यावरून नेली तर येता-जाता पाय पडून खराब होते का, की वरून चौकटीच्या कडेने नेऊ?