मदत हवी आहे: रिकंबंटची चेन चढावर उतरते, शनिवारी निघायचंय

पांदणवाला:
चेन उतरते. सायकल रिकंबंट आहे, म्हणजे मागे रेलून, पाय पुढे करून चालवायची. सपाटीवर काही नाही, चढ आला की खडाक्. नवी चेन टाकून झाली, तेल घालून झालं. शनिवारी यवतमाळहून दारव्हा, कारंजा, मूर्तिजापूर, दर्यापूर, अंजनगाव, परतवाडा आणि वर चिखलदरा असं जायचं आहे. सामान १४ किलो. गावातला दुकानदार म्हणतो, ही सायकल आहे का खाट. "साधी सायकल घ्या" हा सल्ला नको. उपाय सांगा, लवकर.

चेनकडी:
उतरते कुठून? पुढच्या चक्रीवरून, सीटखालच्या आयडलरवरून (चेनला वळण देणारी छोटी चाकी), की मागच्या कॅसेटवरून (मागच्या चाकाच्या चक्र्या)? सायकल शॉर्ट व्हीलबेस (दोन चाकांत अंतर कमी) की लाँग? गिअर किती? आयडलर दात्यांचा की गुळगुळीत? एवढं कळल्याशिवाय सांगणार काय?

वऱ्हाडी_पाना:
भाऊ, फोटो टाका ना राजेहो. चेन उतरते म्हून सांगता अन् सायकल दाखवत नाही.

तीनचाकी:
दोन चाकांची रिकंबंट चढावर ४-५ च्या वेगाला डुगडुगते. तोल सावरताना पॅडलला झटके बसतात आणि चेन उडते. पुढे दोन, मागे एक चाक असलेली ट्राइक घ्या. ताशी ३ किमीनेही चढते, दमलात तर ब्रेक लावून त्यातच बसा.

वऱ्हाडी_पाना:
अन् काटे? ट्राइकची तीन चाकं तीन वेगळ्या रेषांत जातात. आपल्याकडच्या कडेच्या पट्ट्यात सराटा अन् बाभूळ. एका रेषेत चालणाऱ्या सायकलीपेक्षा पंक्चर जास्तच. काळ्या मातीच्या पांदणीत मडगार्ड भरले की तिन्ही चाकं जाम.

तीनचाकी:
त्यासाठी टायर आहेत. मॅरेथॉन प्लस ४७-४०६ (२० इंची चाकाच्या) मापात मिळतो, आत रबराचा जाड थर असतो. सराटा त्यात अडकतो, ट्यूबपर्यंत जात नाही. जड आहे, मान्य.

पांदणवाला:
ट्राइक घ्यायची नाहीये! आयडलरवरूनच उतरते, अजून कुठून उतरणार? शॉर्ट व्हीलबेस, पुढे २० इंची, मागे २६. पुढे तीन चक्र्या (२२-३२-४२ दाते), मागे नऊ, ११ ते ३४ दाते. सेकंडहँड घेतली आहे.

मेळघाट_उतार:
आयडलरचं बेअरिंग बघा आधी. लहान चक्रीवर चेनला ताण किती येतो याचा अंदाज लोकांना नसतो. १७० मिमीच्या क्रँकवर (पॅडलचा दांडा) ६० किलो जोर लावला तर २२ दात्यांच्या चक्रीवर चेन २२० किलोच्या पुढे ओढली जाते. आयडलरवर ती २० अंशांनी वळत असेल तर त्यातले ७५-८० किलो आयडलरच्या बोल्टवर. डिरेलरच्या (गिअर बदलणारा भाग) प्लॅस्टिक पुलीचा आयडलर केला असेल तर तो तिरपा होणारच. बेअरिंगवर नंबर कोरलेला असतो. ६०८ असेल तर माप ८-२२-७ मिमी, मोटार रिवायंडिंगच्या दुकानात मिळेल. आणि तेल पुसून टाका. काळ्या मातीचा फुफाटा आणि तेल म्हणजे दाते घासायची लेई. मेण लावा.

चेनकडी:
मेणाने चेन उतरायची थांबत नाही. विषय झिजेचा नाही, निदान अजून तरी.

पांदणवाला, तीन गोष्टी बघा. चेनच्या एका कडीवर नेलपॉलिशची खूण करा. प्रत्येक वेळी खुणेपासून तेवढ्याच अंतरावर उतरत असेल तर दोष कडीत किंवा जोडात. एका ठरावीक गिअरलाच उतरत असेल तर रेषेत किंवा लांबीत. फक्त खड्ड्यात उतरत असेल तर आयडलरसमोरची रोखपट्टी (चेन उडू नये म्हणून असते ती) चेनपासून दूर आहे. पट्टी आणि चेनच्या पाठीत २-३ मिमीपेक्षा जास्त फट नको. आणि वरच्या, ओढणाऱ्या बाजूने उतरते की खालच्या, परतीच्या बाजूने? हे महत्त्वाचं.

जुनासदस्य:
या सायकलीला आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेच्या शर्यतींत बंदी आहे हे माहीत असेलच. १९३३ मध्ये फ्रान्सिस फॉरने शार्ल मोशेच्या सायकलीवर पॅरिसला तासात ४५ किमीच्या वर जाऊन तासाचा विक्रम मोडला. साध्या सायकलवाल्यांना झोंबलं, १९३४ मध्ये आंतरराष्ट्रीय संघटनेने सायकलीची व्याख्याच बदलली. नाहीतर आज गावोगाव हीच सायकल दिसली असती.

वऱ्हाडी_पाना:
काका, त्याची चेन अजून लोंबतेच आहे.

पांदणवाला:
खूण केली. उतरते ती कडी दर वेळी वेगळी. परतीच्या बाजूने. आणि नीट पाहिलं तर भर चढावर नाही, चढाच्या पायथ्याशी, पुढे लहान चक्री टाकल्या टाकल्या. तेव्हा मागे चौथा-पाचवा असतो.

चेनकडी:
आता बोललात. चेन लांब आहे. लहान चक्रीला चेन कमी लागते, मागेही मधला गिअर असला की उरलेली ढील डिरेलरच्या हाताला आवरत नाही. परतीची चेन लोंबते, पायाचा जोर क्षणभर सुटला की उडते. बूम (पॅडल-चक्री धरणारी पुढची सरकती नळी) हलवला होता का?

पांदणवाला:
हो, ४ सेंमी आत घेतला, आधीचा मालक उंच होता. त्याचा काय संबंध? चेन तर नवी आहे, जुनीच्या कड्या मोजून तेवढीच टाकली. दोन पूर्ण चेन आणि तिसरीचा तुकडा. आठ कड्या कमी पडल्या त्या दुकानदाराने दुसऱ्या चेनच्या जोडल्या.

चेनकडी:
तोच तर संबंध. जुनी चेन जुन्या बूमच्या मापाची होती. बूम ४ सेंमी आत म्हणजे वरची आणि खालची मिळून ८ सेंमी चेन फालतू. एक कडी अर्धा इंच, १२.७ मिमी. सहा कड्या काढा, ७.६ सेंमी होतात. कड्या नेहमी जोडीने काढायच्या.

वऱ्हाडी_पाना:
थांबा. "दुसऱ्या चेनच्या" म्हणजे कोणत्या? आठ गिअरची चेन बाहेरून ७.१ मिमी, नऊची ६.६. जाड तुकडा चेनच्या नळीत (सीटखाली चेन जिच्यातून जाते ती) अन् डिरेलरच्या पिंजऱ्यात घासते. सहा कशाला, तो आठांचा तुकडाच उचलून फेका. जोडाची कडी मात्र नऊचीच घ्या.

चेनकडी:
आठ काढल्या तर दहा सेंमीच्या थोडं वर जातात. फेकायच्या आधी बघा. पुढे ४२, मागे ३४ वर चेन टाका आणि आठ कड्या हातात दुमडून धरा. डिरेलरचा हात पूर्ण सरळ ताणला जात असेल तर सहाच. त्यात थोडा बाक उरत असेल तर आठ चालतील. हे न बघता तोडली आणि चुकून मोठ्या-मोठ्या गिअरला गेलात तर डिरेलर मागच्या चाकात.

आणि बूम आत घेताना फिरला तर नाही ना? पाच-सहा पावलं समोर उभे राहा, एक डोळा मिटा. बूमवरचा उभा खांब, ज्यावर पुढचा डिरेलर असतो, तो हेडट्यूबच्या (पुढच्या चाकाचा दांडा जिच्यात फिरतो ती नळी) रेषेत दिसला पाहिजे. कलला असेल तर चक्री तिरपी, मग चेन आयडलरवर बाजूने चढते.

मेळघाट_उतार:
बूमचं माप पण तपासा. टाच पॅडलवर, पॅडल सर्वांत लांब, गुडघा सरळ, कंबर न सरकता. गुडघा पुढून दुखला तर बूम जास्त आत, मागून दुखला तर जास्त बाहेर. परतवाड्याच्या पुढे उभं राहून पॅडल मारायची सोय नाही हे विसरू नका. २२-३४ ला मिनिटाला ७०-८० फेरे ठेवा. पायाची बोटं बधिर झाली तर क्लीट (बुटाखालचा, पॅडलला अडकणारा तुकडा) टाचेकडे सरकवा.

जुनासदस्य:
परतीला बडनेऱ्याहून रेल्वे धरणार असाल तर सायकल तिकिटावर लगेज म्हणून बुक करा, पार्सल म्हणून नको. पार्सल तुमच्याच गाडीने येईल असं नाही.

तीनचाकी:
परतीचं कोणी विचारलंय?

पांदणवाला:
आठ काढल्या. ४२-३४ ला हाताला थोडा बाक उरतो. बूम कललेला होता, सरळ करून बोल्ट कसला. टेकडीवर दहा वेळा लहान चक्री टाकली, एकदाही उतरली नाही. पण आता सीटखालून घर्रघर्र येते.

चेनकडी:
चेनची नळी. दोन्ही टोकांना बांधली आहे का? एकाच टोकाला बांधायची, दुसरं टोक चेनबरोबर हलू द्यायचं. आणि तोंडं कर्ण्यासारखी पसरट हवीत, नाहीतर कड्या काठ खातात. लायटरने हलकं गरम करून पान्याच्या गोल दांड्यावर फिरवा. जाळू नका.

पांदणवाला:
दोन्हीकडे केबल टाय होते. एक कापला, आवाज गेला. नळी नंतर बघतो. कापसाच्या बंड्या नि ट्रॅक्टरवाल्यांना दिसावं म्हणून झेंडा लावायचाय, काठीला तुराटी चालेल का?

वऱ्हाडी_पाना:
तुराटी पहिल्याच खड्ड्यात मोडते. बांबूची कामटी घ्या, करंगळीएवढी, सहा फूट. सीटच्या मागे दोन ठिकाणी ट्यूबच्या रबराने आवळा, एका ठिकाणी बांधली तर चाकात वाकते. झेंडा भगवा-हिरवा नको, निवडणुकीचा वाटते. फ्लोरोसंट पिवळा.