मदत हवी आहे: फ्रान्समधल्या लिमॉय गावात गाडीशिवाय राहता येईल का?

नमस्कार मंडळी, ऑक्टोबरमध्ये आईबाबा येतायत, त्यांना पॅरिसपेक्षा खेडं बघायचंय म्हणून दोर्दोन्य भागातलं लिमॉय डोक्यात आहे. दोर्दोन्य आणि वेझेर या दोन नद्यांचा संगम तिथेच आहे, गाव टेकडीला चिकटलेलं, खाली बंदरापाशी भिंतीवर जुन्या पुरांच्या पातळीच्या खुणा आहेत. पूर्वी इथून सपाट बुडाच्या होड्यांतून लाकूड आणि वाइन बोर्दोला जायची.

बाबा तासगावचे द्राक्षबागायतदार, बेदाणा करतात, त्यामुळे त्यांना इथल्या अक्रोडाच्या बागांत जास्त इंटरेस्ट. पेरिगोरच्या (म्हणजे या भागाचंच जुनं नाव) अक्रोडाला 2002 पासून आपल्या जीआयसारखं मानांकन आहे, आणि मशीनने खोड धरून झाड हलवतात, मग अक्रोड गोळा करून धुवून गरम हवेवर वाळवतात, ते वाळवण त्यांना प्रत्यक्ष बघायचंच आहे. सीझनमध्ये असं आत येऊ देणारा शेतकरी कसा शोधायचा, थेट फोन करायचा की टुरिस्ट ऑफिसला विचारायचं?

दुसरं म्हणजे गाडी नाही. बोर्दो-सार्ला लाइनवर ल ब्युईसाँ स्टेशनला उतरून पुढे टॅक्सी मिळते का, की आधीच बुक करावी लागते?

आणि जेवण! आई पक्की शाकाहारी, तिकडे बटाटेसुद्धा बदकाच्या चरबीत परततात 😅 किचनवालं घर घेणार आहेच, पण बाहेर खायची वेळ आली तर फ्रेंचमध्ये नेमकं काय सांगायचं? कोणी त्या बाजूला राहिलं असेल तर प्लीज सांगा, तिकिटं याच आठवड्यात काढायचीत.