एकट्याच्या धंद्यातलं एकटेपण: क्लबची फी भरावी की चौघांचा गट करावा?

जमाखर्च
एकट्याने धंदा करणाऱ्याला सगळे एकच सांगतात: घरात बसू नका, कोवर्किंगमध्ये, म्हणजे भाड्याच्या सामायिक ऑफिसात, खुर्ची घ्या. माझ्या मते हे भलत्याच दुखण्यावरचं औषध आहे. गप्पा मारायला माणसं बहुतेकांना असतात. दर वाढवावा का, हे गिऱ्हाईक सोडावं का, उधारी किती थांबू द्यावी, यावर उलट प्रश्न विचारणारं कुणी नसतं. घरी सांगावं तर घरचे काळजीत पडतात, आणि त्याच धंद्यातल्या माणसापुढे आकडे उघडे करवत नाहीत.

म्हणून माझा आग्रह चौघांच्या गटाचा. धंदे वेगळे, उलाढाल साधारण सारखी. पंधरवड्यातून एकदा दीड तास, प्रत्येकी 20 मिनिटं. पहिल्या 5 मिनिटांत अडचण मांडायची, पुढची 10 मिनिटं बाकीच्यांनी फक्त प्रश्न विचारायचे, उरलेल्या 5 मिनिटांत पुढच्या भेटीपर्यंत काय करणार ते वहीत लिहायचं. मागितल्याशिवाय सल्ला नाही. सहा जण झाले की बैठक दोन तासांपुढे जाते आणि माणसं गळायला लागतात. महिन्याची 11 आणि 20 तारीख टाळा, जीएसटीची विवरणपत्रं तेव्हाच असतात. व्हॉट्सॲप ग्रुप फक्त वेळ-ठिकाणापुरता, नाहीतर आठवड्यात तिथे सुप्रभातची फुलं उगवतात.

साठ_सेकंद
असहमत. असे गट लवकरच विरतात, कारण न येण्याची किंमत कुणालाच मोजावी लागत नाही. बीएनआय हा एकमेकांना कामं मिळवून देणाऱ्या व्यावसायिकांचा फी भरून जायचा क्लब. तिथे दर आठवड्याला बैठक, एका शाखेत एका व्यवसायाचा एकच सभासद, आणि सहा महिन्यांत तीनपेक्षा जास्त दांड्या झाल्या तर जागा जाऊ शकते. फी भरलेली असते म्हणून माणूस उठून जातो. मराठी उद्योजकांसाठी सॅटर्डे क्लब आहेच. शिस्त विकत मिळत असेल तर घ्यावी.

जमाखर्च
शिस्त मान्य. कामं मिळवायला जरूर जा. पण ज्यांच्याकडून काम यायचंय त्यांच्यासमोर 'दोन महिन्यांचं भाडं थकलंय' कोण म्हणेल? तिथे मिनिटभर उभं राहून धंदा जोरात चाललाय असंच सांगावं लागतं.

कात्री_टेप
दोघंही लॅपटॉपवाल्यांचंच बोलताय. शिलाईचं दुकान, झेरॉक्स, मोबाइल दुरुस्ती, इथे दिवसभर माणसांचा राबता असतो. तरी दुकानदार एकटाच, कारण शटर पाडून कुठे जाता येत नाही. दिवाळीच्या आधी आणि लग्नसराईत शिलाईवाला रात्री उशिरापर्यंत मशीनवर असतो, त्याला कुठला क्लब सांगताय?

त्याला आधी मदतनीस हवा, आठवड्यातून दोन दुपारी, चार-चार तास. काज-बटण, तुरपाई, इस्त्री, तयार कपडे देणं एवढं त्याच्याकडे. माप आणि कटिंग मालकाकडेच, कारण कापड एकदा चुकीचं कापलं की भरून द्यावं लागतं. बहुतेकांचं इथेच फसतं: कामं आधी लिहून काढत नाहीत, मग मदतनीस बसून राहतो आणि मालक म्हणतो, परवडत नाही. आणि माणसंच हवी असतील तर बाजारातल्या भिशीत दर महिन्याला भेट होतेच की. नवं मंडळ कशाला?

उधारी_बंद
भिशीबद्दल सावध. हप्ता चुकला की माणूस तोंड चुकवतो, म्हणजे ज्या महिन्यात सोबत हवी त्याच महिन्यात तो तुटतो.

शिवाय अर्धा एकटेपणा अडकलेल्या पैशाचा असतो. उद्यम ही लहान उद्योगांची सरकारी नोंदणी असलेल्या सूक्ष्म आणि लघु उत्पादकांना व सेवा देणाऱ्यांना 2006 च्या एमएसएमई कायद्याचा आधार आहे. लेखी करार नसेल तर 15 दिवसांत पैसे, करार असला तरी मुदत 45 दिवसांपुढे नाही. त्यानंतर रिझर्व्ह बँकेच्या 'बँक दरा'च्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज. नोंदणी माल किंवा सेवा देण्याआधीची हवी. निव्वळ खरेदी-विक्री करणाऱ्या व्यापाऱ्याला हे लागू नाही.

साठ_सेकंद
आणि थकलेल्या बिलाची सरकारी पोर्टलवर तक्रार केली की गिऱ्हाईक कायमचं गेलं. अजून एकटे!

उधारी_बंद
तक्रार सगळ्यात शेवटी. आधी बिलावर उद्यम क्रमांक आणि पैसे देण्याची तारीख छापा. मुदतीत न दिलेली रक्कम खरेदीदाराला प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत आयकरात खर्च म्हणून दाखवता येत नाही, त्यामुळे ती ओळ त्याच्या लेखापालाच्या नजरेत भरते. मार्चमध्ये तर फारच.

मनमोकळं
सगळ्यावर गटाचा उतारा नको. दोन आठवडे झोप उडालेली, भूक नाही, हातातल्या कामात रस नाही, गिऱ्हाइकाचा फोन वाजला तरी उचलवत नाही, असं असेल तर डॉक्टरकडे जा. सरकारच्या टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या फोनसेवेचा 14416 हा क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालतो, मराठीतही बोलता येतं. चौघांच्या गटाने अशा माणसाला उपाय सुचवत बसू नये. कुणीतरी सोबत जावं, तेवढं पुरे.

जमाखर्च
@मनमोकळं, हे गटाच्या नियमांतच लिहायला हवं. @कात्री_टेप, दुकानदारांचा गट आळीपाळीने एकेकाच्या दुकानातच बसवा. दुपारी दुकान बंद असतं तेव्हा तासभर.

कात्री_टेप
दुपारी दुकान बंद ही चैन पुण्यातली. इतरांनी आपल्या बाजाराच्या साप्ताहिक सुट्टीला सकाळी बसावं, आणि घरी पाहुणे आलेत म्हणून कुणाला सूट देऊ नये.