डिफरेन्शियल जोडीतील व्हायांमुळे कॉमन मोड नॉईज: शेवटच्या बोर्डाआधी सल्ला हवा

वेर्णा_लेआउट
नमस्कार. वेर्णा औद्योगिक वसाहतीतील एका लहान कंपनीत मी बोर्डांचे लेआउट करतो. ट्रॉलरवर बसवायच्या आमच्या नोंदयंत्रात यूएसबी ३ चा ५ गिगाबिटचा कॅमेरा आणि जीपीएस रिसीव्हर एकाच बोर्डाला जोडलेले आहेत. कॅमेरा बंद असताना उपग्रहांचे सिग्नल ४२ डीबी-हर्ट्झच्या (नॉईजच्या तुलनेत सिग्नल किती वर आहे, त्याचे माप) आसपास मिळतात, आणि तो सुरू केला की ३० पर्यंत घसरतात.

बोर्ड सहा थरांचा, १.६ मिमी जाड, ९२ बाय ६० मिमी आहे. दुसरा व पाचवा थर ग्राउंडचा, मधले दोन सिग्नलचे. कनेक्टरपाशी यूएसबीच्या डिफरेन्शियल जोडीतील (एकच सिग्नल उलटसुलट ध्रुवतेने वाहणारे दोन ट्रेस) धन आणि ऋण ट्रेस एकमेकांना छेदत होते, म्हणून जोडी मी व्हायांमधून (थरांना जोडणारी तांब्याचा मुलामा दिलेली छिद्रे) पहिल्या थरावरून सहाव्यावर नेली. या वळणात एक ट्रेस सुमारे १ मिमी लांब झाला. जागेअभावी ग्राउंडची एकच व्हाया देता आली, तीही जोडीच्या एकाच अंगाला.

३१ जुलैला मासेमारीबंदी संपते आणि त्याआधी मालीमच्या जेटीवरील बोटींवर यंत्रे बसवायची आहेत. त्यामुळे आणखी एकदाच बोर्ड काढता येईल. स्टबसाठी (व्हायेचा वापराविना उरलेला भाग) बॅक-ड्रिलिंग करून घ्यावे, म्हणजे तो भाग कोरून काढावा, की कॉमन मोड (जोडीच्या दोन्ही ट्रेसांवर एकाच दिशेने येणारा नॉईज) अडवणारा चोक घालावा?

फोंडा_आरएफ
बॅक-ड्रिलिंगवर पैसे घालवू नका. पहिल्या थरावरून थेट सहाव्यावर जाणाऱ्या व्हायेला स्टब उरतच नाही. तिसऱ्या थरावर उतरला असतात तरी सुमारे १.१ मिमीच्या स्टबचा अनुनाद तुमच्या सिग्नलच्या फार वर पडला असता.

दोष समतोलाचा आणि परतीच्या वाटेचा आहे. निव्वळ डिफरेन्शियल सिग्नल असतो तेव्हा एका व्हायेतला प्रवाह वर जातो आणि दुसरीतला खाली येतो, म्हणून दोन ग्राउंड थरांमधील पोकळी फारशी जागी होत नाही. कॉमन मोडमध्ये दोन्हींतला प्रवाह एकाच दिशेने वाहतो, आणि त्याला परतण्यासाठी शेजारी ग्राउंडची व्हाया नसेल तर तो त्या पोकळीतून वाट काढतो, बोर्डभर पसरतो आणि कडांतून बाहेर पडतो. एफआर-४ मध्ये (बोर्डाचे नेहमीचे साहित्य) ९२ मिमी लांबीच्या पोकळीचा दुसरा अनुनाद सुमारे १५७० मेगाहर्ट्झला येतो, आणि जीपीएसची एल-१ वारंवारता १५७५.४२ मेगाहर्ट्झ आहे. साहित्याच्या परावैद्युतांकाप्रमाणे हा आकडा थोडा सरकेल, तरीही मला हा योगायोग धोक्याचा वाटतो.

हा कॉमन मोड निर्माण कुठे होतो, तेही पाहा. १ मिमीच्या फरकाने सुमारे ७ पिकोसेकंदांचा उशीर होतो. २.५ गिगाहर्ट्झला एवढ्याने डिफरेन्शियल सिग्नलचा साडेपाच टक्के भाग कॉमन मोडमध्ये बदलतो, तर जीपीएसच्या वारंवारतेला साडेतीन टक्के. जमिनीवर पोहोचणारा उपग्रहाचा सिग्नल सुमारे उणे १३० डीबीएम इतका क्षीण असतो, हे ध्यानात घेतले की साडेतीन टक्के लहान वाटत नाहीत. त्यात ग्राउंडची व्हाया एकाच अंगाला असल्याने जोडीतील दोन व्हायांना परिसर सारखा मिळत नाही, आणि तेही रूपांतर वाढवते.

माझा सल्ला असा: जोडीच्या दोन्ही अंगांना समान अंतरावर ग्राउंडच्या व्हाया द्या, दोन्ही सिग्नल व्हायांभोवती एकच लांबट अँटीपॅड (ग्राउंड थरातील तांबे काढलेली मोकळी जागा) ठेवा, लांबीतला फरक निर्माण होतो तिथेच भरून काढा आणि बोर्डाच्या कडेने दर ५ मिमीला ग्राउंडची व्हाया घाला.

डिचोली_चाचणी
चोकविषयी सांगतो. कनेक्टरपाशी बसवलेला चोक केबलवर जाणारा कॉमन मोड अडवतो. त्याच्या आधीच पोकळीत शिरलेला नॉईज त्याच्या हाती लागत नाही. म्हणून आधी उगम शोधावा. कॅमेऱ्याची केबल काढून लहान लूप प्रोबने बोर्डाच्या कडा आणि व्हायांचा भाग तपासा, मग केबल जोडून तीच मापे पुन्हा घ्या. जोडणी नसताना पोर्ट अखंड डेटा पाठवत नाही, त्यामुळे पहिल्या वेळी चिप कम्प्लायन्स मोडमध्ये (चाचणीचा नमुना सतत पाठवणारी अवस्था) ठेवावी लागेल. चोक घ्यायचाच झाला तर ५ गिगाबिटसाठी बनवलेलाच घ्या.

वेर्णा_लेआउट
दोघांचेही मनापासून आभार. कडांवर प्रोब फिरवला, तर केबलशिवायही १५७५ च्या आसपास नॉईज स्पष्ट दिसतो आणि व्हायांपाशी तो सर्वांत जास्त आहे. मात्र कनेक्टरलगत दोन्ही अंगांना ग्राउंडच्या व्हाया बसतील इतकी जागा खरोखरच नाही. जोडी थोडी मागे सरकवून व्हाया द्याव्यात का?

फोंडा_आरएफ
त्याआधी एक प्रश्न: थर बदलण्याचे कारण केवळ धन-ऋण ट्रेस छेदत होते, एवढेच होते ना? तसे असेल तर त्या व्हायांची गरजच नाही. यूएसबी ३ च्या सुपरस्पीड (५ गिगाबिटच्या) जोड्यांमध्ये रिसीव्हरला ध्रुवता उलटी असली तरी ती ओळखून सुधारावी लागते. मानकातच तशी तरतूद आहे. धन आणि ऋण सरळ अदलाबदल करून कनेक्टरला जोडा आणि संपूर्ण जोडी पहिल्या थरावरच ठेवा. यूएसबी २ च्या डेटा जोडीला ही सवलत नाही, तिची अदलाबदल करू नका.

वेर्णा_लेआउट
कारण तेवढेच होते. आज रात्रीच जोडी पहिल्या थरावर आणतो आणि कडेच्या व्हाया घालून फाइल पाठवतो. देव बरे करो.