स्पीडवे: जोडीदारामागे आल्याचा बोनस सरासरीत धरावा का?

चौथं_गेट
मँचेस्टरला राहायला आल्यापासून इथल्या बेल व्ह्यू या स्पीडवे संघाचे सामने बघतो. ज्यांनी स्पीडवे पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मातीचा लंबगोल ट्रॅक, चार रायडर, चार फेऱ्या. ५०० सीसीची गाडी मिथेनॉलवर चालते, तिला एकच गिअर आणि ब्रेक नाहीच. साधारण मिनिटभरात हीट, म्हणजे एक शर्यत, संपते. पहिल्याला ३ गुण, दुसऱ्याला २, तिसऱ्याला १, चौथ्याला शून्य. प्रत्येक हीटमध्ये दोन्ही संघांचे दोन-दोन रायडर, आणि सामन्यात १५ हीट, म्हणजे एकूण ९० गुण.

इथे निम्मं स्टेडियम हातात पेन घेऊन बसलेलं असतं. प्रोग्रॅममध्ये हीटचे तक्ते छापलेले असतात आणि निकाल आपण भरायचे. कठड्याजवळ उभं राहिलं की पहिल्याच वळणावर मातीचा फवारा त्या कागदावर येतो. घरी आल्यावर पानं झटकून मी सरासऱ्या काढतो, आणि तिथेच माझं घोडं अडतं.

नियम असा: रायडर आपल्याच जोडीदाराच्या लगेच मागे दुसरा किंवा तिसरा आला, तर त्याला एक बोनस. संघाच्या गुणांत तो धरत नाहीत, पण रायडरच्या सरासरीत धरतात. ब्रिटनमधलं सूत्र: गुण अधिक बोनस, भागिले हीट, गुणिले ४. बोनस मिळालेल्या गुणापुढे मी चांदणी काढतो.

समजा एका रायडरचे पाच हीटचे आकडे ३, १*, २*, ०, २* आहेत. गुण ८, बोनस ३, सरासरी ८.८०. दुसऱ्याचे ३, २, १, ३, १. गुण १०, बोनस नाही, सरासरी ८.००. संघासाठी दोन गुण जास्त आणणारा माणूस कागदावर खाली! हे मला पटत नाही. बोनस सरासरीतून काढून टाकावा. मग पहिला ६.४० वर येतो आणि तिथेच तो शोभतो.

व्रोत्सवाफकर
अजिबात सहमत नाही. मी सात वर्षं पोलंडमध्ये आहे, व्रोत्सवाफच्या ऑलिंपिक स्टेडियमवर इथल्या स्पार्टा संघाचे सामने बघतो. इथे सरासरी प्रत्येक हीटमागे काढतात, चारने गुणत नाहीत. तुमचा ८.८० वाला इथे २.२० ठरेल. पण बोनस इथेही धरतात, आणि धरायलाच हवा.

हीटमध्ये नीट बघा. पुढचा रायडर मान वळवून मागे पाहतो, वळणावर थोडा बाहेर सरकतो आणि कठड्याकडची वाट बंद करतो. जोडीदार आतली पांढरी रेघ धरून असतो. मागच्या दोघांना जायला जागाच उरत नाही. ५-१ असा मिळतो. बोनस नसेल तर दुसरा रायडर त्या एका गुणासाठी स्वतःच्याच जोडीदारावर तुटून पडेल आणि दोघंही मातीत जातील. बोनसचे पैसेही मिळतात, म्हणूनच ८ गुण आणि ३ बोनसला इंग्रजीत '८, पेड ११' असं म्हणतात. तो काही दानात दिलेला गुण नाही.

आणि मोजायचंच असेल तर हे मोजा: २* वाल्याने समोरच्या संघाच्या दोघांनाही मागे टाकलंय. जिंकणाऱ्यानेही समोरचे दोघंच मागे टाकलेत, त्याहून जास्त नाही. मग दोघांना तीन-तीन दिले तर अन्याय कुठे झाला?

स्कोअरबुक
पुण्यातून. स्पीडवे फक्त पडद्यावर पाहिलंय, पण क्लब क्रिकेटमध्ये वीस वर्षं स्कोअररच्या टेबलावर बसलोय. आमच्याकडे नाबादचं हेच भांडण आहे. नाबाद डाव भाजकात धरत नाहीत आणि सहाव्या-सातव्या क्रमांकावरच्याची सरासरी फुगते, असं दर मोसमात कुणीतरी म्हणतंच.

व्रोत्सवाफकर यांचं दोघांना हरवण्याचं गणित पटलं, म्हणून पुढे नेऊन पाहिलं. हीट जिंकणाऱ्याच्या संघाला क, दुसऱ्याला ख म्हणू. जोडीतला कोण आधी आला हे सोडलं तर हीट तीनच प्रकारे संपते: ककखख, कखखक, कखकख. पहिल्या दोन प्रकारांत एकेक बोनस निघतो, तिसऱ्यात एकही नाही. सगळे रायडर तोडीस तोड असतील तर तिन्ही प्रकार सारखेच संभवतात, म्हणजे १५ हीटमध्ये सरासरी १० बोनस. बोनसशिवाय सामान्य रायडर बरोबर ६.०० वर बसतो, बोनस धरला की ६.६७ वर.

आता खरी गोम. कखखक मध्ये तिसरा आलेला ख एकाला हरवतो, एकाकडून हरतो. त्याला १ अधिक १ बोनस. कखकख मध्ये तिसरा आलेला क सुद्धा एकालाच हरवतो, एकाकडूनच हरतो. त्याला मात्र नुसता १. जोडीदार एक जागा पुढे होता की दोन, एवढाच फरक. काम तेच, दाम अर्धा. बोनस असावा की नसावा यापेक्षा तो चुकीच्या जागी बसलाय, हे माझं म्हणणं.

लाल_हेल्मेट
तुम्ही तिघंही सरासरीला प्रगतिपुस्तक समजताय. ब्रिटनमध्ये ती किंमतपट्टी आहे! संघ बांधताना सगळ्यांच्या सरासऱ्यांची बेरीज ठरलेल्या मर्यादेत बसवावी लागते. त्यामुळे ज्याची सरासरी ६ आहे पण जो खरा ८ चा आहे, अशा रायडरसाठी प्रत्येक व्यवस्थापक जीव टाकतो. दुखापतीतून परतलेला, गेल्या मोसमात इंजिनाने छळलेला, असे लोक शोधले जातात.

मोसम चालू असताना नव्या सरासऱ्या लागू होतात, त्याला ग्रीन शीट म्हणतात. सहसा सर्वांत कमी सरासरीचे दोघं राखीव जागेवर, ६ आणि ७ क्रमांकावर जातात. दुसऱ्या हीटमध्ये राखीव विरुद्ध राखीव. म्हणजे चांगला रायडर महिनाभर घसरला की खाली जातो, तिथे सोपे प्रतिस्पर्धी आणि जादा हीट मिळतात, आणि सरासरी पुन्हा वर. तुमचा एक बोनस यापुढे किती? समोर कोण होतं हे न बघता काढलेला आकडा मी मानत नाही. घरचा ट्रॅक आणि बाहेरचा ट्रॅक तर अजून धरलेलाच नाही.

व्रोत्सवाफकर
@लाल_हेल्मेट, हे मान्य. इथे एक्स्त्रालीगात, म्हणजे पोलंडच्या सर्वोच्च लीगमध्ये, दुसरी हीट फक्त ज्युनिअरांची असते, त्यांच्या आकड्यांतही हीच भेसळ आहे. तरी आकडा टाकून देऊ नका. १९९५ ला ग्रां प्री, म्हणजे अनेक फेऱ्यांची जागतिक मालिका, सुरू होईपर्यंत जगज्जेता बहुतेकदा एका रात्रीत, पाच हीटवर ठरायचा. १९७३ ला खोझुवमध्ये येझी श्चाकिएल जिंकला. किताबासाठीच्या जादा हीटमध्ये न्यूझीलंडचा इव्हान मॉगर पडला. पोलंडचा तो पहिला जगज्जेता, त्याचं मोल मी कमी करत नाही. पण मॉगरचे सहा किताब आणि त्याची वर्षानुवर्षांची लीगमधली कामगिरी बघितल्यावर त्या काळातला मोठा रायडर कोण, हे त्या एका रात्रीवरून कोण ठरवेल? डेन्मार्कचा हान्स नीलसन १९८० च्या दशकात ब्रिटनमधल्या ऑक्सफर्ड संघाकडून १२ पैकी ११ च्या वर सरासरी ठेवायचा. तिथे बोनसचा वादच उरत नाही, कारण तो बहुतेक वेळा सर्वांच्या पुढेच असायचा. बोनस घोळ घालतो तो मधल्या रायडरांच्या बाबतीत.

चौथं_गेट
काल रात्री स्कोअरबुक यांच्या पद्धतीने माझंच उदाहरण पुन्हा मांडलं. गुण नाही, बोनस नाही, फक्त समोरच्या संघाचे किती रायडर मागे टाकले.

पहिला, ३, १*, २*, ०, २*: दोन, एक, दोन, शून्य, दोन. सात.
दुसरा, ३, २, १, ३, १: दोन, एक, एक, दोन, एक. (दोन्ही वेळा तिसरा आला तेव्हा जोडीदार जिंकला होता असं धरलंय. जोडीदार चौथा असता तर तिथे शून्य आलं असतं.) तोही सात.

दहापैकी सात आणि दहापैकी सात! बोनस धरून मी पहिल्याला वर चढवत होतो, बोनस काढून त्याला १.६० ने खाली ढकलत होतो, आणि दोघंही एकाच मापाचे निघाले. 'बोनस काढून टाका' हे माझं म्हणणं मागे घेतो. आहे तसा ठेवा, हे मात्र अजूनही मान्य नाही.

@लाल_हेल्मेट, समोर कोण होतं हा तुमचा मुद्दा यात येत नाही, कबूल. पण प्रोग्रॅममध्ये चारही नावं असतातच. पुढच्या सामन्यापासून गुणांच्या शेजारी पेनने एक रकाना आखतोय: कोणाला मागे टाकलं, त्याचा क्रमांक. राखीव असेल तर गोल करून.